हिरव्या कण्या

नोकरीची सगळी वर्षं मी ज्वारीच्या कण्या शिजवल्या. पगार त्याचाच मिळायचा. सुरुवातीला सासूबाई विचारायच्या, "हापिसात काय करता वो तुमी दिवसभर?" मी खरं सांगितलं की त्यांना वाटायचं, सून चेष्टा करते आहे. कागदावर माझं पद प्रयोगशाळा सहायक असं होतं. वर्ध्याच्या आमच्या जैविक प्रयोगशाळेत मी अळ्या मारणारी बुरशी वाढवायचे, आणि ती बुरशी वाढते कण्यांवर. शेतकरी मला 'बुरशीवाली बाई' म्हणायचे. आधी राग यायचा. पुढे फोनवर मीच तशी ओळख द्यायला लागले, कारण आडनाव सांगून कोणाला काही बोध व्हायचा नाही.

हे काम समजावून सांगायचं तर माणसाला आधी शेतात न्यावं लागतं. सोयाबीन फुलावर असताना, हवेत चांगली ओल असताना, झाडाच्या शेंड्यावर एखादी अळी दिसते. पान धरून बसलेली, खडूसारखी पांढरी आणि कडक. बोट लावलं की मोडते. दोन दिवसांनी तिच्यावर हिरवी भुकटी येते. ही बुरशी. तिचा एक कण अळीच्या कातडीवर पडतो, तिथेच रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि अळीला आतून खाऊन टाकतो. मरण्याआधी अळी शेंड्यावर चढते. वर मेली की भुकटी वाऱ्याने लांब जाते, बुरशीचं फावतं. अळीला त्यात काहीच मिळत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

तर अशी मेलेली अळी शोधून आणायची, तिच्या अंगावरची भुकटी काचेच्या नळीत वाढवायची आणि मग कण्यांवर पेरायची. ज्वारी भरडायची, कण्या अर्ध्याकच्च्या उकडायच्या. गिच्च गोळा झाला की बुरशी आत गुदमरते, म्हणून दाणा मोकळा हवा. या कण्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या, पिशवीच्या तोंडाला कापसाचं बूच बसवायचं. बुचातून हवा जाते, घाण जात नाही. मग पिशव्या मोठ्या कुकरमध्ये वाफवायच्या, गार झाल्या की बुरशी टोचायची. आठ-दहा दिवसांत कण्या आधी पांढऱ्या होतात, मग हिरव्या. शेतकऱ्याने घरी नेऊन त्या पाण्यात चोळायच्या, पाणी फडक्यातून गाळायचं, कण्या टाकून द्यायच्या आणि ते हिरवं पाणी संध्याकाळी पिकावर फवारायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला फार वर्षं वाटत होतं.

चुकायचे. एकाने माझी बुरशी आणि बाजारातलं बुरशीनाशक एकाच पंपात कालवून फवारलं आणि मोठ्या खुशीत सांगायला आला, "मॅडम, डबल पावर केली." दुसऱ्याने पिशव्या भर उन्हात टिनाखाली ठेवल्या आणि आठवड्याने येऊन माझ्यावरच ओरडला, "मेली तुमची बुरशी!" मी म्हटलं, ती मेली नाही, तुम्ही तिला भाजली. तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावून सांगायला लागले. खताच्या, औषधांच्या खोलीत पिशवी ठेवू नका. ऊन लागू देऊ नका. घरात गार जागी ठेवा.

घरात गार जागी ठेवा, हे माझेच शब्द. ते मला पुढे भोवले.

आणखी एक प्रश्न प्रत्येक जण विचारायचा. "हे माणसाले लागन का वो?" अलीकडे तर फारच, कारण सगळ्यांच्या मोबाइलवर तो मुंगीचा व्हिडिओ फिरून गेला होता. जंगलातल्या एका मुंगीला बुरशी लागते, मुंगी वेड्यासारखी झाडावर चढते, पान चावून मरते आणि तिच्या डोक्यातून कोंब बाहेर येतो. खाली कोणीतरी लिहिलेलं, आता माणसाची पाळी. मी लोकांना सांगायचे, ती बुरशी त्या एका जातीच्या मुंगीत मुरलेली आहे, शेजारच्या दुसऱ्या मुंगीतही तिला धड जमत नाही. माझ्या बुरशीला अळी लागते आणि गारवा लागतो. माणसाचं अंग तिच्यासाठी फार गरम. ताप नसलेल्या, निरोगी अंगाची साधी ऊबही तिला मानवत नाही. शिवाय आपल्या रक्तात राखण आहे, अळीच्या अंगात ती तेवढी नाही. पण एवढं सांगून मी थांबत नसे. डोळ्याला जखम असेल तर भुकटी डोळ्यात जाऊ देऊ नका, घरात कोणाची प्रतिकारशक्ती आजारपणाने खालावली असेल तर त्याला फवारणीला नेऊ नका, नाकाला फडकं बांधा. क्वचित का होईना, अशांना बुरशी त्रास देऊ शकते. मला स्वतःला त्या भुकटीने शिंका यायच्या. भ्यायचं कारण नाही, पण बेफिकीर राहायचंही नाही, असं मी म्हणायचे. आणि एका श्रावणात मीच बेफिकीर राहिले.

त्या आठवड्यात आमचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेला होता. माझा नियम असा, की प्रत्येक खेपेतल्या एका पिशवीची चिमूटभर भुकटी काचेवर घेऊन बघायची आणि मगच माल बाहेर सोडायचा. कारण कण्यांवर दुसरीही एक हिरवी बुरशी येते. ओल्या मक्यावर, शेंगदाण्यावर येते तीच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच हिरव्या. पण ती दुसरी दाण्यात विष सोडते, ते विष यकृतावर जातं आणि धुऊन किंवा उकळून पुरतं जात नाही. इकडे सोयाबीनवर अळी वाढत होती, आर्वी रस्त्यावरच्या एका गावातले शेतकरी तीन दिवस चकरा मारत होते. मी पिशव्या उजेडात धरून पाहिल्या, वास घेतला, रंग चांगला दिसला, दिल्या. पिशव्यांवर लेबलही नव्हतं, नुसता पेनने लिहिलेला खेपेचा आकडा. इतक्या वर्षांची नजर आहे आपली, असा तोरा होता.

गजानन हा त्यातलाच एक शेतकरी, शांत आणि शिस्तीचा. दोन दिवस पावसाने कोणालाच फवारता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, लई मोठा घोटाळा झाला. आमच्या बुढीनं तुमचं औषध शिजवलं."

"काय केलं?"

"कण्या केल्या तिनं. ताक टाकून. आमी साऱ्यांनी खाल्ल्या. मी, बायको, माया बाप. मी पिशवी रांजणापाशी ठेवलती, तुमी गार जागी म्हनलं होतं ना."

तो दवाखान्यातूनच बोलत होता. रात्री जेवून झाल्यावर गजाननने रांजणापाशी पिशवी शोधली आणि सगळा उलगडा झाला होता. त्याच्या बायकोने, शुभांगीने, मुंगीचा व्हिडिओ पाहिलेला. ती जी घाबरली ती तिथेच ओकली. तिला बघून सासरा ओकला. गावात बोंब झाली की बुरशी डोक्यात चढून राह्यली, आणि लोकांनी तिघांना गाडीत घालून वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. आमच्या भागात फवारणीच्या औषधाने माणसं गेलेली सगळ्यांनी ऐकलेली आहेत, त्यामुळे कोणी वेळ घालवला नाही.

मी कार्यालयाची जीप घेऊन निघाले. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यावर उतारा काय?"

मी म्हटलं, "या बुरशीला उताऱ्याची गरज नाही. कण्या उकळल्या म्हणजे ती मेली. जिवंत असती तरी पोटात टिकली नसती."

"तुमची खात्री आहे?"

इथे मला नुसतं हो म्हणता आलं असतं. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. पलीकडे खाटेवर शुभांगी डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, आत काही वाढतंय का ते चाचपत. मी म्हटलं, "बुरशीची खात्री आहे. पिशवीची नाही. ही खेप मी न तपासता दिली." आणि त्या दुसऱ्या हिरव्या बुरशीबद्दल सगळं सांगितलं.

डॉक्टरीण बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या पिशवीतलं काहीतरी मला आणून द्या. कोणती बुरशी आहे ते कळलं पाहिजे. आणि खाल्लेलं चौथं माणूस कुठे आहे?"

चौथं माणूस म्हणजे गजाननची आई, पार्वताबाई. तिने दवाखान्यात यायला साफ नकार दिला होता. मी गजाननला जीपमध्ये घेतलं आणि गावाला निघाले.  वाटभर मी मनातल्या मनात ती पिशवी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत होते. कधी रंग बरोबर वाटायचा, कधी जरा जास्त गडद.

पार्वताबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. सत्तरीची, काटक, आवाज खणखणीत. मी कोण ते गजाननने सांगताच तिने सूप खाली ठेवलं.

"त्या कण्या तूच शिजवल्या का व?"

"हो, आजी."

"अर्ध्याकच्च्या काऊन ठेवल्या मंग? मले पुन्हा चुलीवर ठेवा लागल्या."

मला रडू की हसू कळेना. मी विचारलं, "आजी, हिरव्या झालेल्या दिसल्या नाहीत का?"

"दिसल्या ना. मले वाटलं बुरा आला. सोयाबीन पेराले लागले तेव्हापासून ज्वारी डोयानं दिसत नाई घरात. किती वर्षांनी कण्या पाह्यल्या मी, अन् फेकून देऊ? हातानं चोळ चोळ चोळल्या, सात पान्यानं धुतल्या, फडक्यानं गाळल्या."

"आणि ते पाणी?"

"मोरीत."

म्हणजे मी शेतकऱ्यांना शिकवत होते ती सगळी कृती तिने तंतोतंत केली होती. फक्त औषध मोरीत ओतलं आणि चोथा ताटात वाढला. बाजूला उभ्या गजाननने कपाळाला हात लावला.

पण मला नमुना हवा होता. पातेलं घासून पालथं घातलेलं. पिशवी धुऊन वाळवून तिच्यात मीठ भरलेलं, आमच्याकडे चांगली पिशवी कोणी टाकत नाही. फडकं धुऊन दोरीवर. मोरीतून पाणी कधीच वाहून गेलेलं. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि पहिल्यांदाच खरी घाबरले. इतक्या स्वच्छ बाईच्या घरी मला घाण सापडेना.

मग आठवलं. "आजी, पिशवीच्या तोंडाला कापूस होता, तो टाकला का?"

"कापूस कोनी टाकते का?" ती चिडलीच. "इतला सफेत कापूस. देवापाशी हाय."

देवळीत पितळेचा डबा होता. त्यात बुचाच्या कापसाच्या तीन वाती वळून ठेवलेल्या आणि उरलेला पुंजका एका कडेला. पुंजक्याच्या आतल्या बाजूला, जिथे तो कण्यांना टेकलेला असतो, फिकट हिरवी कड होती. एक वात ती सकाळीच लावून मोकळी झाली होती. मी पुंजका कोऱ्या कागदात गुंडाळला आणि म्हटलं, "आजी, आता तुम्ही पण चला."

"मी काई येत नाई. मले काई झालं नाई."

"तुम्ही सगळ्यांत जास्त खाल्ल्या."

"खाल्ल्या तर. पाच वाट्या खाल्ल्या."

शेवटी मी तिच्यासमोर खाली बसले आणि खरं तेच सांगितलं. माझ्या हातून चूक झाली असण्याचा संभव आहे, तुमच्या घरातल्या चारही माणसांचं काय होणार ते या कापसावर आहे, आणि हे मला एकटीला जड जातंय.  पार्वताबाईने पदराने हात पुसले आणि उठली. "चाल व माय. तू तं रडाले आली."

दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मला मायक्रोस्कोप मिळाला. काचेवर पाण्याचा थेंब, त्यात हिरव्या कडेचा एक तंतू.  वर पातळ काच ठेवली. विषारी बुरशी असेल तर झेंडूसारखी गोल डोकी दिसणार आणि भोवती गोल गोल कण. माझी असेल तर लांबट कण, एकापुढे एक लागलेले, माळा केल्यासारखे.

मी भिंग फिरवलं. आधी नुसता धूसर हिरवा पट्टा. मग तो स्पष्ट झाला.

माळा. सगळीकडे माळा. काच सरकवत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पुन्हा तंतू घेतला, दुसरी काच केली, तिसरी केली. एकही गोल डोकं नाही. "माझीच आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरून गजानन आत धावला. डॉक्टरीण बाईंनी स्वतः डोळा लावून पाहिलं, मी शेजारी उभी राहून दाखवत होते, हे बघा, ही माळ, ही दुसरी. त्या म्हणाल्या, "सुंदर दिसते हो." आयुष्यात माझ्या बुरशीला सुंदर म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती. मी भिंतीला टेकून मोकळेपणाने रडले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

चौघांना त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. रक्त तपासलं, यकृत तपासलं, सगळं ठीक आलं. शुभांगीची समजूत मात्र अहवालाने पटेना. मी तिलाच मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि म्हटलं, पाहा, ज्याला भितेस ते हे. तिने बराच वेळ पाहिलं. "हे तं मेलेलं असन ना, कण्यांतलं?" "उकळल्यावर काय जगणार?" तेव्हा कुठे तिने डोक्यावरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला मी गावात गेले, तर ग्रामपंचायतीसमोर माणसं जमलेली आणि मधे माझ्या पिशव्यांचा ढीग. अकरा जणांनी नेलेल्या पिशव्या परत आल्या होत्या आणि रॉकेलचा डबा तयार होता. मी बोलायला तोंड उघडलं तर मागून कोणी ओरडलं, "बाई, तुमी गप बसा. मानसं मारत होत्या तुमी!"

जीपमधून पार्वताबाई उतरली. कोणाचा आधार न घेता ढिगापर्यंत गेली.

"कोन मेलं? नाव सांग."

मग तिने हाताने स्वतःकडे दाखवलं.

"मी पाच वाट्या खाल्ल्या. मले पाहून घ्या. या बाईनं कालपासून अन्नाचा कण नाई खाल्ला, तिले पाहा, कोन बिमार दिसते?" मग तिने रॉकेलचा डबा उचलून बाजूला ठेवला. "अळी तिकडे पानं खाऊन राह्यली अन् तुमी इकडे औषध जाळून राह्यले. बादली आना कोनी."

बादली आली. तिने लुगड्याचा काचा खोचला आणि सगळ्या गावासमोर कण्या चोळायला बसली. मी तिच्या नाकाला फडकं बांधलं, तेवढंच माझं योगदान. "पान्यात चोळाच्या," ती सांगत होती, "फडक्यानं गाळाच्या. पानी शेतात, चोथा खड्ड्यात. मी उलटं केलं होतं. तुमी करू नका." हशा पिकला, आणि माणसं आपापल्या पिशव्या उचलायला पुढे आली. अकरापैकी नऊ पिशव्या त्याच संध्याकाळी शेतात गेल्या, त्यांतली एक मालकाने न उचललेली, ती गजाननच्या शेतात.

न तपासता माल सोडल्याचं मी स्वतः लिहून कार्यालयात दिलं. त्यावर मला कडक शब्दांत मेमो मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्याच कागदासोबत मी एक नियमही लिहून पाठवला होता, तो मंजूर झाला. आता आमच्याकडून कण्या कोणाच्याही घरी जात नाहीत. कण्यांवरून भुकटी धुऊन काढून, बाटलीत भरून, तांबड्या अक्षरांत 'खाण्याचा पदार्थ नाही' असं छापूनच बाहेर पडते, आणि मायक्रोस्कोप दोन आहेत. हा नियम आधी सुचायला हवा होता. तो एका बाईच्या पाच वाट्यांनंतर सुचला, याची खंत राहील.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज आभाळाकडे बघत होते. ओल टिकली नाही तर बुरशी लागत नाही, आणि मग गावाने मला कधीच माफ केलं नसतं. आभाळ भरलेलंच राहिलं. एका दुपारी कुकरची वाफ सोडत असताना फोन वाजला. गजाननचा नंबर, पण आवाज त्याचा नव्हता. वाऱ्याची फडफड ऐकू येत होती, म्हणजे फोन शेतातून होता.

"बाई, मी पार्वता बोलून राह्यली. आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभी हाओ. साऱ्या शेंड्यायवर पांढऱ्या फटक बसल्या हायेत. हात लावला का मोडते."

"हिरवी भुकटी आली का?"

"आली ना. बोटाले लागली माया." आणि ती सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अळ्या मेल्या, बाई. आमी जित्ते आहो!"